नकाशा कोणाकडे राहील: मानखुर्द–माहुल प्रकल्प नोंदी

१२ जानेवारी २०२५

वस्तीतल्या लोकांबरोबर नकाशा काढायच्या आमच्या कॉलेजच्या कामाची हद्द आज पक्की केली. मानखुर्दला खाडीच्या अंगाची एक वस्ती आणि माहुल, एवढंच घ्यायचं. वस्तीचं नाव या नोंदींत कुठेच लिहिणार नाही. त्याचं कारण पुढे येईल.

महापालिकेचा अख्खा एम पूर्व विभाग घ्यावा असं दोघा सहकाऱ्यांचं म्हणणं होतं. मला ते पटलं नाही. मुंबईच्या २००९ च्या मानव विकास अहवालात एम पूर्वचा निर्देशांक ०.०५, शहरात सगळ्यात तळाला. तेव्हापासून हा आकडा प्रत्येक भाषणात आणि प्रत्येक प्रस्तावात येतो. पण याच विभागात अणुशक्तीनगरची झाडीतली वसाहत आहे, देवनारच्या बऱ्या सोसायट्या आहेत आणि क्षेपणभूमीच्या भिंतीला टेकलेली घरंही आहेत. सरासरीत ही तिन्ही एकत्र मिसळून जातात. धूर कोणाच्या खिडकीत शिरतो आणि गटाराचं पाणी कोणाच्या उंबऱ्याशी थांबतं, हे विभागाच्या आकड्यातून कधीच कळणार नाही. त्यासाठी गल्लीतच उतरायला हवं.

गटात टीवायबीए आणि एमएची मुलं-मुली आहेत. त्यातल्या दोघी मानखुर्दलाच राहतात, हे आमचं मोठं बळ.

२ फेब्रुवारी

पायाभूत नकाशाचा पहिला दिवस. सरकारी जमीनवापराच्या नकाशात आमची वस्ती म्हणजे एका रंगाचा सपाट तुकडा. आत गल्ली नाही, नळ नाही, बालवाडी नाही. बाजूच्या इमारतींच्या कॉलनीत मात्र उद्यानाची कड आणि पादचारी वाटसुद्धा काढलेली. ओपनस्ट्रीटमॅप या सगळ्यांसाठी खुल्या ऑनलाइन नकाशावर मुख्य रस्ता आणि एक मशीद, बाकी कोरं.

उपग्रहाचं चित्र ए-थ्री कागदावर छापून नेलं होतं. पत्रे, निळी ताडपत्री, मध्येच एखादी सिमेंटची गच्ची. समाजमंदिराच्या ओट्यावर कागद पसरला तशा बायका भोवती जमल्या. आमच्या मुलींनी शिकवल्याप्रमाणे मुख्य रस्त्यापासून सुरुवात केली, "हा बघा मावशी, हा हायवे." मावशींनी त्या बोटाकडे पाहिलंही नाही. त्यांनी आधी नळ शोधला. नळ सापडल्यावर तिथून रांग कुठवर जाते ते बोटाने दाखवलं, मग संडास, मग राशनचं दुकान, मग पाऊस लागला की पहिल्यांदा बुडतो तो कोपरा, आणि सगळ्यात शेवटी स्वतःचं घर. एवढं होईपर्यंत कागदाला हळदीचा एक डाग लागला होता. दहा मिनिटांत नकाशाचा पाया तयार झाला.

तोच क्रम आता क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमधल्या थरांना दिला आहे: पाणी, संडास, राशन, पाणी तुंबण्याच्या जागा. रस्ते शेवटी.

९ फेब्रुवारी

कॉलेजात वर्ग घेतला. मुलांना अमेरिकेतल्या डेट्रॉईट शहराची गोष्ट सांगितली, कारण आपण जे करतो आहोत त्याला भूगोलात पूर्वज आहेत हे त्यांना कळलं पाहिजे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस विल्यम बंग हा भूगोलाचा प्राध्यापक आणि ग्वेंडोलिन वॉरन ही तिथल्या काळ्या वस्तीतली विशीच्या आतली मुलगी, या दोघांच्या पुढाकाराने तिथे वस्तीचं भूगोल-मंडळ उभं राहिलं. वस्तीतली माणसं नकाशा काढायला शिकली. त्यांचा गाजलेला नकाशा दिसायला अगदी साधा: उपनगरांत राहणारे नोकरदार ज्या रस्त्यांनी गाड्या हाकत शहरात ये-जा करायचे, त्या रस्त्यांवर काळी मुलं कुठे कुठे गाडीखाली आली, त्याचे ठिपके. आई-बापांना ते ठाऊकच होतं. ठिपके कागदावर एका ओळीत आले तेव्हा "अपघात" म्हणून सोडून देणं अवघड झालं.

एका विद्यार्थ्याने विचारलं, "मॅडम, मग आपला ठिपका कशाचा?" प्रश्न चांगला होता. फळ्यावर लिहून ठेवला आणि पुसू नका म्हणून सांगितलं.

१६ फेब्रुवारी

आजची बैठक या प्रकल्पातली सगळ्यात महत्त्वाची ठरेल असं वाटतं.

आम्ही जीपीएसने घरांच्या रांगा टिपायला लागलो होतो. तीस वर्षं वस्तीत राहिलेले एक काका उठले आणि शांतपणे म्हणाले, "मॅडम, नळ दाखवा, गटार दाखवा. घरं नका दाखवू. उद्या हाच कागद घेऊन तोडायला येतील."

त्यांची भीती हवेतली नाही. ऑक्टोबर २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिवरं तोडायला आणि तिवरांपासून ५० मीटरच्या आत बांधकाम करायला बंदी घातली. तो आदेश मला महत्त्वाचा वाटतो. त्याच वर्षी २६ जुलैला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, आणि तिवरं व खाडीची मोकळी जागा गिळल्यावर शहराचं काय होतं ते सगळ्यांनी पाहिलं होतं. पण त्याच ५० मीटरच्या पट्ट्यात लोक राहतात. वर झोपडपट्टीच्या संरक्षणाला तारखेची अट, झोपडी त्याआधीची असेल तरच: आधी १ जानेवारी २०००, नंतर पैसे भरून पुनर्वसन घेणाऱ्यांसाठी १ जानेवारी २०११. अचूक जागा आणि तारीख असलेला नकाशा अशा ठिकाणी पुरावा होतो, आणि तो कोणत्या बाजूने वापरला जाईल हे आपल्या हातात राहत नाही.

पर्यावरणाच्या नावाने गरिबाचं घर पाडलं जातं आणि त्याच खाडीत सांडपाणी सोडणाऱ्याला कोणी हात लावत नाही, हे चेंबूर-मानखुर्दच्या पट्ट्यात लोकांनी डोळ्यांनी बघितलेलं आहे. त्यांच्यापुढे "विज्ञानासाठी माहिती द्या" म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

ठरलं ते असं. घर टिपायचं नाही. गल्लीला आमचा स्वतःचा क्रमांक द्यायचा, सरकारी नोंदींशी जुळणार नाही असा. खाडीकडची कड नकाशात मुद्दाम मोघम ठेवायची. कोबो या माहिती भरायच्या ॲपवर आधी घेतलेले घरांचे बिंदू आज सगळ्यांसमोर लॅपटॉप उघडून पुसले. काकांनी चष्मा लावून पडदा पाहिला आणि मगच खाली बसले.

या नोंदींत वस्तीचं नाव नाही ते याचसाठी.

२५ फेब्रुवारी

फेब्रुवारीतच वेधशाळेने मुंबईला उष्णतेच्या लाटेचा इशारा दिला. उन्हाचं काम मार्चमध्ये धरलं होतं ते आजच सुरू केलं.

मुलांनी लँडसॅट उपग्रहाच्या चित्रांवरून पृष्ठभागाच्या तापमानाचा नकाशा काढून आणला होता आणि ते गोंधळले होते. पत्र्यांची दाट वस्ती शेजारच्या डांबरी पार्किंगपेक्षा थंड दिसत होती! इथे थांबून समजावून सांगावं लागलं. उपग्रह थर्मामीटर लावत नाही. छतावरून निघणारी उष्णतेची किरणं मोजतो आणि त्यावरून तापमान काढतो. माती, डांबर, काँक्रीट ही किरणं जवळपास पुरेपूर सोडतात. चकचकीत पत्रा फार कमी सोडतो. त्याची उत्सर्जकता कमी, म्हणून पत्रा हाताला चटका देत असला तरी उपग्रहाला तो थंड वाटतो. गंजलेल्या, धूळ बसलेल्या पत्र्याची गोष्ट वेगळी. म्हणजे एकाच गल्लीत जुना पत्रा तापलेला आणि नवा पत्रा गार दिसणार. त्यात उष्णतेच्या चित्राचा मूळ पिक्सेल, म्हणजे एक चौकोन, १०० मीटरचा. तो ३० मीटरचा करून मिळतो, पण त्याने नवी माहिती येत नाही. एका पिक्सेलमध्ये आमच्या कितीतरी गल्ल्या, नाला आणि पलीकडची तिवरं एकत्र येतात, आणि तिवरांचा गारवा घरांच्या नावावर जमा होतो. शिवाय उपग्रह जातो सकाळी. रात्री एक वाजता पोटमाळ्यावर काय होतं ते त्याला कधीच दिसणार नाही.

असले रंगीत नकाशे हल्ली कुठेही सहज मिळतात, लाल म्हणजे गरम, निळा म्हणजे गार. ते बघून कोणी म्हणेल की झोपडपट्टी तशी बरी आहे. म्हणून आम्ही घरात मोजणार. बटणाएवढे तापमान-नोंदक आणले आहेत. एक छताखाली, एक झोपायच्या उंचीवर, चुलीपासून आणि फ्रिजच्या पाठीपासून लांब. कुठे लावायचं ते घरची बाई सांगेल, आणि नको म्हणाली तर नको.

९ मार्च

माहुल. गावातली कोळी मंडळी एकीकडे, पुनर्वसनाच्या इमारतींतले लोक दुसरीकडे. तक्रार मात्र एकच, वास.

या जागेचा इतिहास मुलांना माहीत हवा म्हणून थोडक्यात इथे. तेलशुद्धीकरण कारखाने १९५० च्या दशकात आले. पुढे खतांचा कारखाना, वीज केंद्र, रसायनांच्या टाक्या. केईएम रुग्णालयाच्या २०१३ च्या पाहणीत ६७.१ टक्के रहिवाशांना महिन्यात तीनहून अधिक वेळा दम लागत असल्याचं आढळलं. डिसेंबर २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने इथल्या हवेमुळे आरोग्याला धोका असल्याचं म्हटलं. तरीही २०१७ मध्ये तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या पाडल्यावर तिथल्या लोकांना इथेच पाठवलं गेलं. लोक लढले. एप्रिल २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना माहुलला राहायची सक्ती करू नका, दुसरं घर द्या, नाहीतर दरमहा १५,००० रुपये भाडं द्या, असा आदेश दिला. आजही या इमारतींत माणसं राहतात.

मोबाईलवरचा हवेचा निर्देशांक बघून एक मुलगा म्हणाला, "मॅडम, आज तर 'समाधानकारक' आहे." आपला राष्ट्रीय हवा निर्देशांक आठ प्रदूषकांवर बेतलेला आहे: दोन प्रकारचे धूलिकण, नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, ओझोन, अमोनिया आणि शिसं. बेंझीन, टोल्युइन यांसारखी उडून जाणारी रसायनं त्यात नाहीत. बेंझीनची कायदेशीर मर्यादा २००९ पासून ठरलेली आहे, पण मोबाईलवरच्या आकड्यात ते धरलेलं नाही. माहुलच्या माणसाचं डोकं भणभणत असताना फोन हिरवा दिसू शकतो.

म्हणून वासाची वही. प्रत्येक मजल्यावर एक घर, गावातली काही घरं. चार रकाने: वेळ, वास कसला (रॉकेलसारखा, सडक्या अंड्यासारखा, गोडसर), किती जोराचा, आणि वारा कुठून. वाऱ्यासाठी गच्चीवर बांबूला जुन्या साडीची पट्टी बांधली. वाऱ्याचा रकाना कसा भरायचा हे कोळीवाड्यातल्या मावशींनी आमच्या पोरांना शिकवलं. दिवसा खारा वारा, रात्र चढली की मतलई, आणि मधल्या वेळेत वारा पडतो तेव्हा "सगळा वास हितंच बसतो" असं त्या म्हणाल्या. हिवाळ्यात जमिनीलगतची हवा गार होऊन अडकून राहते आणि प्रदूषण वर जात नाही, हे मी वर्गात आकृती काढून शिकवते. मावशींना ते नाकाने माहीत आहे.

१४ एप्रिल

जयंती. काम बंद. गटातल्या मानखुर्दच्या दोघी मिरवणुकीत होत्या. समाजमंदिरात बाबासाहेबांच्या प्रतिमेशेजारी आमचा ए-वन आकाराचा नकाशा लावलेला पाहिला.

२० एप्रिल

नोंदकांचा पहिला संच उतरवला. आकडे अजून तपासायचे आहेत, म्हणून इथे लिहीत नाही. पण वळण स्पष्ट आहे. दिवसा पत्र्याखालची आणि स्लॅबखालची घरं दोन्ही तापतात. पत्र्याचं घर संध्याकाळनंतर लवकर निवतं, स्लॅबचं मात्र मध्यरात्रीपर्यंत धग सोडत राहतं. सगळ्यात वाईट अवस्था वरच्या माळ्याची. माळ्यावर पत्रा डोक्यापासून हातभर, खिडकी एकच आणि तीही समोरच्या भिंतीवर उघडणारी. माळ्यावर राहतात भाडेकरू, म्हणजे वस्तीतलेही सगळ्यात नवे आणि सगळ्यात गरीब. कुठे घरातल्या वयात आलेल्या मुली तिथे झोपतात.

जमिनीवरून आखलेल्या कोणत्याही नकाशात माळा दिसत नाही. तळमजला आणि माळा असे दोन वेगळे थर करायला मुलांना सांगितलं. वस्तीच्या आतही चटका सगळ्यांना सारखा बसत नाही, हे लपवायचं कारण नाही.

२६ मे

मान्सून आला. मुंबईची नेहमीची तारीख ११ जून, यंदा आजच. मेच्या पहिल्या आठवड्यापासूनच वळवाने झोडपलं होतं. फेब्रुवारीत काम उरकायला घेतलं ते बरं झालं. नोंदक काढून सिलिका जेलच्या डब्यात ठेवले.

१५ जून

पावसात फिरणं कमी, म्हणून बसून बाणांचा नकाशा केला. मुंबईच्या या कोपऱ्यात काय काय आणि कोण कोण आणून टाकलं गेलं, कुठून आणि केव्हा.

देवनारची क्षेपणभूमी १९२७ पासून. १९५० च्या दशकात शुद्धीकरण कारखाने. सत्तरच्या दशकात गोवंडीच्या शिवाजी नगरला हलवलेली माणसं. १९७६ मध्ये, आणीबाणीत, अणुसंशोधन केंद्राजवळची जनता कॉलनी उठवून चिता कॅम्पला. मग रेल्वे आणि रस्त्यांच्या प्रकल्पांनी विस्थापित झालेले, त्यांच्या मानखुर्द-गोवंडीतल्या एकमेकींना खेटलेल्या इमारती. २०१७ मध्ये तानसा जलवाहिनीवरून माहुलला. आणि २०२४ मध्ये देवनारची १२४ एकर जागा धारावीच्या पुनर्वसनासाठी द्यायचा निर्णय, ज्या क्षेपणभूमीवर सुमारे १८५ लाख टन जुना कचरा साठलेला होता आणि जिथली जानेवारी २०१६ ची आग अवकाशातूनही दिसली होती.

कचऱ्याचे बाण तपकिरी, कारखान्यांचे काळे, माणसांचे लाल. पडद्यावर सगळे एकत्र आले तेव्हा वर्गात कोणी बोललं नाही. शहराला जवळ नको असलेली प्रत्येक गोष्ट आणि शहराने हटवलेला प्रत्येक माणूस एकाच दिशेला निघालेला. हे एका माणसाने ठरवून केलेलं नाही. पूर्वेची जमीन खारट, स्वस्त, दलदलीची. आधी कचरा आला म्हणून भाव पडला, भाव पडला म्हणून कारखाने आले, आणि सरकारी मोकळी जमीन उरली ती इथेच, म्हणून माणसं आली. प्रत्येक निर्णय त्या-त्या वेळी कागदावर रास्तच वाटला असणार. शंभर वर्षांचे निर्णय एकावर एक ठेवल्याशिवाय त्यातला अन्याय दिसत नाही. भूगोलाने निदान एवढं तरी करायलाच हवं असं मला मनापासून वाटतं.

६ जुलै

बैठक. कोणता थर बाहेर जाणार, कोणता वस्तीतच राहणार?

पाण्याचा थर द्यायचा, यावर कोणाचं दुमत नव्हतं. झोपडपट्टीसाठी दरडोई ४५ लिटर आणि इमारतींसाठी १३५ लिटर हा हिशेब आमच्या मुलींनी पाण्याच्या हंड्यांत मांडून दाखवला. डिसेंबर २०१४ मध्ये उच्च न्यायालयाने बेकायदा वस्तीतल्या माणसालाही पाणी नाकारता येणार नाही असं सांगितलं आहे, हे बऱ्याच जणींना पहिल्यांदाच कळलं. "मग दहा वर्षं आम्हाला कोणी का नाही सांगितलं?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

माळ्यांच्या थरावर घोळ झाला. मालकिणी म्हणाल्या, माळा दाखवला तर वाढीव बांधकाम म्हणून तोडतील. एक भाडेकरू बाई मागे उभी होती, ती म्हणाली, नाही दाखवला तर आमचं तापणं कोणाला कळणार? दोघींचंही खरं. शेवटी तोडगा निघाला तो असा: माळ्याचं तापमान गल्लीच्या नकाशावर टाकायचं नाही, वेगळ्या तक्त्यात द्यायचं, जागेशी न जोडता. नकाशा म्हणून ते कमजोर होतं हे मला मान्य आहे. पण ज्यांच्या डोक्यावर पत्रा आहे त्यांनी ते ठरवलं आहे, आणि मी ते तसंच ठेवणार.

१९ ऑगस्ट

कालपासून कोसळतोय. चेंबूरला मोनोरेल मध्येच अडकली, शेकडो लोकांना शिड्या लावून उतरवलं. दिवसभर टीव्हीवर तेच. वस्तीत फेब्रुवारीत मावशींनी बोटाने दाखवलेला कोपरा सगळ्यांच्या आधी बुडाला. गटातल्या मुलींनी भिंतीवर खडूने पाण्याची पातळी आणि वेळ लिहिली, पाऊस थांबल्यावर ती फीतपट्टीने मोजायची. नाल्याचं तोंड आणि गल्लीचा उतार यांचा थर आज खरा उपयोगी पडला. भरतीच्या वेळी नाल्यात खाडीचं पाणी उलटं येतं आणि वरून येणाऱ्याला जायला वाट राहत नाही, हे वेळांवरून दिसतंय.

२४ ऑगस्ट

शुक्रवारी महापालिकेत पाणी आणि नाला या दोन मागण्यांचा अर्ज दिला. सोबत नकाशाच्या दोन प्रती. अर्जावर सह्या बचत गटातल्या बायकांच्या, माझी नाही. अभियंता साहेब चांगले होते; नकाशा टेबलावर उलगडून त्यांनी नीट पाहिला, नाल्याच्या तोंडाशी पेन्सिलने खूण केली आणि स्वतः येऊन बघतो म्हणाले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, याची सॉफ्ट कॉपी पाठवून द्या ना, आमच्या सिस्टीमवर टाकतो."

मी काही बोलायच्या आत मावशी म्हणाल्या, "साहेब, ती फाईल मॅडमची नाही, आमची आहे. बैठकीत विचारू आणि कळवू."

फाईल अजून पाठवलेली नाही. बैठक गणपती झाल्यावर, ७ सप्टेंबरला सकाळी. तोपर्यंत मुलांनी पाण्याच्या आणि नाल्याच्या थरांची वेगळी फाईल तयार करायची, तिच्यात बाकी काहीही राहिलेलं नाही ना हे दोघांनी स्वतंत्र तपासायचं, आणि साहेब पाहणीला आले तर त्यांच्यासोबत कोण चालेल ते वस्तीने ठरवायचं.